'ओके मॅडम'च्या गर्दीत हरवलेली सुट्टी



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रभर धो धो पाऊस, ठाकुर्लीत ठिकठिकाणी पाणी साचलेलं. पहाटे सुट्टीचा निरोप आला आणि मी तो लगेच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला : "आज शाळेला सुट्टी आहे. मुलांना पाठवू नये." लगेच उत्तरं सुरू झाली. "ओके मॅडम", "थँक यू मॅडम", जोडलेले हात, अंगठे. मध्येच दोन सुप्रभात, एक पावसाची कविता आणि कुठल्यातरी जुन्या पुराचा व्हिडिओ 'आत्ताचा कल्याणचा' म्हणून! एका आईने घाईत ग्रुप उघडला तेव्हा तिला शेवटचे आठ-दहा मेसेजच दिसले. सात वाजता तिचा मुलगा भिजलेल्या दप्तरासह शाळेच्या बंद फाटकाशी उभा होता. वॉचमनकाकांनी त्याला आत घेतलं म्हणून बरं.

ती मला म्हणाली, "मॅडम, सत्तर मेसेज होते. कुठून वाचायला सुरुवात करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. उलट, हा आपल्या चांगल्या सवयीचा परिणाम आहे. वर्गात बाई शिरल्या की सगळा वर्ग एका सुरात 'नमस्ते' म्हणतो, हे आपणच शिकवलं ना? कोणी सांगितलं तर 'हो' म्हणावं, गप्प राहणं उद्धटपणाचं. समोरासमोर हे छानच. वर्गात चाळीस आवाज एकाच वेळी उमटतात आणि विरून जातात. फोनवर मात्र ते एकाखाली एक रचले जातात आणि त्याखाली सूचना गाडली जाते.

'लोकांना सांगून काय उपयोग?' असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. थोडासा अडथळा आणला तरी फरक पडतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्यामागे मोबाईलवर फिरणाऱ्या अफवा होत्या. देशभर अशा घटना घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटनाच फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज जवळपास ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. माणसं तीच होती. फक्त पाठवणं थोडं अवघड झालं.

मग 'फक्त ॲडमिन' हे सेटिंग लावून मोकळं व्हावं का? सूचनांसाठी जरूर लावावं. पण वर्गाचा एकुलता एक ग्रुप असा कायम बंद करायला माझा विरोध आहे. सकाळची लोकल पकडून रात्री नऊला परतणाऱ्या बाबांना शाळेत येता येत नाही. "मुलगी हल्ली गप्प असते, वर्गात काही झालं का?" हे ते फोनवरच विचारणार. दार बंद केलं तर गोंगाटाबरोबर तो आवाजही जातो.

आम्ही केलं ते असं :

१. दोन ग्रुप. 'सूचना' ग्रुपवर फक्त शिक्षक लिहितात, 'विचारा' ग्रुपवर सगळे. मुलाबद्दलचं खाजगी बोलणं शिक्षकांशी थेट.

२. पोच लिहायची नाही. पाठवलेल्या मेसेजच्या 'इन्फो'मध्ये कोणी वाचलं ते आम्हाला दिसतं. तातडीची सूचना न वाचणाऱ्यांना आम्ही फोन करतो.

३. संख्या हवी असेल, उदाहरणार्थ सहलीला कोण येणार, तर पोल. चाळीस उत्तरांऐवजी एकच यादी.

४. शुभेच्छा आणि फॉरवर्ड दोन्हीकडे नाहीत. हा नियम आधी शिक्षकांना! सणासुदीला फुलांची चित्रं पाठवण्यात आपणही मागे नसतो.

पहिल्या आठवड्यात काही पालक रुसले. "मॅडम, आता आमचा नमस्कारही नको?" त्यांना पालकसभेत समोर बसवून त्या सकाळची गोष्ट सांगितली. मग कोणी वाद घातला नाही. 'विचारा' ग्रुपवर अजून अधूनमधून 'ओके मॅडम' येतं. येऊ दे.

पालकहो, तुमचा नमस्कार आम्हाला हवाच आहे, फाटकाशी, प्रत्यक्ष भेटीत. सूचनेखाली मात्र जागा रिकामी ठेवा. तुमच्यानंतर ग्रुप उघडणाऱ्या आईला ती सूचना दिसायला हवी.