मामा, हा फाटा कोणी फाडला?



मागच्या रविवारी थोरला भाचा, धाकटी भाची आणि मी अशी आमची तिघांची स्वारी सिंहगडावर निघाली. स्वारगेटला बस पकडली. खिडकी कोणाला, यावरून जुंपलीच! शेवटी तह झाला : जाताना खिडकी धाकटीला, पण वाटेतली गावे तिने मोठ्याने वाचायची.

वाचन सुरू झाले. हिंगणे खुर्द... वडगाव बुद्रुक... धायरी फाटा...

“मामा, हा फाटा कोणी फाडला?”

आजूबाजूची माणसे खो-खो हसली. मी म्हटले, “अगं, झाडाला फांदी फुटते, तसा मोठ्या रस्त्याला दुसरा रस्ता फुटला, की तो फाटा. लाकूडफाटा म्हणतो ना आपण? तोच हा.”

“आणि खुर्द, बुद्रुक?” थोरला.

हे दोघे फारसीतून आलेले पाहुणे. ‘खुर्द’ म्हणजे लहान आणि ‘बुद्रुक’ म्हणजे ‘बुजुर्ग’, थोर, मोठे. एकाच नावाची दोन गावे जवळजवळ असली, की एक बुद्रुक, दुसरे खुर्द. सुट्या नाण्यांना खुर्दा म्हणतात, तोही याच घराण्यातला.

“म्हणजे मी बुद्रुक आणि ही खुर्द!” थोरल्याने जाहीर केले. खुर्दने बुद्रुकला चिमटा काढला.

एवढ्यात कंडक्टर ओरडले, “नांदेड फाटा!” धाकटीने डोळेच विस्फारले. इतक्या लवकर मराठवाडा? पण हे नांदेड आपल्या पुण्याजवळचे, मुठेकाठचे. पुढे किरकटवाडीची पाटी आली आणि थोरल्याने नाक मुरडले. “शी! कसली ही गावंढळ नावं!”

मी त्याला सांगितले, बाबा रे, आपले पुणेही मुळात एक गावच. राष्ट्रकूट राजांच्या इ. स. ७५८ च्या ताम्रपटात ‘पुण्यविषय’ असा उल्लेख सापडतो. ‘विषय’ म्हणजे शाळेतला गणित-भूगोल नव्हे हं, तेव्हा मुलखाच्या एका भागाला ‘विषय’ म्हणत. थोरला म्हणाला, “मग त्या विषयात मी नक्की पास!” पण नाक काही सरळ झाले नाही.

खडकवासल्याचे पाणी मागे टाकून, पायथ्याला उतरून आम्ही गड चढलो. वर ‘देवटाके’ अशी पाटी दिसली. धाकटीने गेल्या वर्षीचा फुटलेला गुडघा चाचपला. “मामा, गडाला किती टाके घातले?” कातळात खोदलेला पाण्याचा हौद म्हणजे टाके, हे कळल्यावर ती स्वतःच हसत सुटली.

कल्याण दरवाजापाशी दोघे पुन्हा फसले. मुंबईजवळचे कल्याण इथे कुठून आले? अहो, गडाच्या पायथ्याशीही एक कल्याण आहे! त्या गावाच्या वाटेवरचा म्हणून कल्याण दरवाजा. तिथूनच पुढे कोंढणपूर लागते. नावात काही ऐकू येते का बघा. सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा!

चालून चालून पोटात कावळे ओरडू लागले. पिठले-भाकरी झाली आणि मग मडक्यातले दही. दह्याची पाटी घेऊन बसलेल्या आजी पायथ्याच्या गावातल्या. थोरल्याचे ‘गावंढळ, गावंढळ’ अजून चालूच होते. ते आजींच्या कानावर गेले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “लेकरा, गावाचं काय घिऊन बसलास? आमच्यात रानालाबी नाव असतंय. योक चिंचेचं वावर, योक वढ्याकडची पट्टी, आन् योक म्हातारीचं खाचर.”

“म्हातारीचं का?” धाकटीने विचारले.

“माज्या आजेसासूनं बांध घालून केल्यालं. भात पिकायचा. आता इकलंय ते. तितं बिल्डिंग झालीया. बिल्डिंगीला झ्याक विंग्रजी नाव हाय. म्हातारीचं खाचर म्हननारी मीच उरले. मी गेले, की त्ये नावबी गेलं.”

कोणी काहीच बोलेना. मग थोरल्याने माझ्या खिशातले पेन काढले. जवळ वही नव्हती, म्हणून बसच्या तिकिटाच्या मागे त्याने बारीक अक्षरात लिहिले : चिंचेचं वावर. ओढ्याकडची पट्टी. म्हातारीचं खाचर. “आजी, आणखी सांगा ना!” तो म्हणाला. तिकीट पुरले नाही, तेव्हा धाकटीने आपलेही दिले.

परतताना खिडकी थोरल्याची होती. तोही पाट्या वाचत होता. पण आता नाक जागेवर होते. वडगाव आले, तेव्हा तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वड शोधत राहिला.

तर दोस्तांनो, या सुट्टीत एक काम करा. आजी-आजोबांना विचारा : तुमच्या गावच्या शेताचे, ओढ्याचे, टेकडीचे नाव काय? ते कोणी ठेवले? वहीत उतरवून घ्या आणि मलाही कळवा. तिकिटाच्या पाठीवर लिहिलेत, तरी चालेल!