संकोच नको, उपचार हवा
शिश्नाला सूज आली, आग होऊ लागली की पुष्कळ पुरुष लाजेपोटी दुखणे अंगावर काढतात. फार तर दुकानातून मलम आणतात. त्यात स्टिरॉइड असले तर बुरशीचा संसर्ग उलट बळावतो. कातडीखालचा भाग रोज कोमट पाण्याने धुऊन कोरडा ठेवावा, उग्र साबण टाळावा. त्रास वारंवार होत असेल, तर रक्तातील साखर तपासावी. मधुमेहाची ही पहिली खूण असू शकते. मात्र मागे सरकलेली कातडी पुढे येईनाशी झाली, लघवी अडली किंवा ताठरता ४ तासांहून अधिक टिकली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लाज घटकाभराची, इजा मात्र कायमची होऊ शकते.