गाडी वाढवू नका, काम इकडे आणा

मा. महानगर आयुक्त,
मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.



डोंबिवलीहून आलेल्या पत्रात काय असणार, हे आपल्याकडे टपाल फोडणाऱ्या कारकुनालाही पाठ असेल. मेट्रो कधी, पूल कधी, शिळफाट्याची कोंडी कधी सुटणार. मी यातलं काहीच विचारणार नाही. मला कल्याण ग्रोथ सेंटरबद्दल बोलायचं आहे. निळजे, काटई, कोळे, हेदुटणे, घेसर, उसरघर अशा दहा गावांतली हजारभर हेक्टर जमीन, आणि तिथे मुंबईबाहेरचं नवं व्यापारी केंद्र उभं राहणार, असं आपल्या प्राधिकरणाने जाहीर केलं त्याला आता दहा वर्षं झाली. २०१५ साली कल्याण-डोंबिवली महापालिका निवडणुकीच्या तोंडावर साडेसहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्याच सुमाराची ही गोष्ट. पॅकेजची आम्ही पुढे थट्टा केली आणि विसरलो. ग्रोथ सेंटर मात्र मी विसरलेलो नाही, कारण आमच्या दुखण्यावर मुळापर्यंत जाणारा तेवढा एकच उपाय आजवर कुणी कागदावर तरी मांडला आहे.

दुखणं साधं आहे. घर इकडे आणि काम तिकडे. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. या अंतरावर आम्ही सगळे रोज भांडतो, ते रेल्वेशी. जास्त गाड्या द्या, पंधरा डब्यांच्या द्या, वेळेवर सोडा. रेल्वेने काही केलं नाही असं कुणी म्हणू नये. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ साली मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. चौदा वर्षं लागली, पण झाली. आणि त्यानंतर तीन वर्षांनी, ९ जून २०२५ च्या सकाळी, त्याच टप्प्यात मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. चौघे त्या दिवशीच गेले. शेजारी रूळ सहा झाले होते, तरीही. मग आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या गाड्या आणायचं रेल्वेने जाहीर केलं. आणाव्यातच. पण दार बंद झाल्यावर आज त्या दारात लटकणारा माणूस कुठे असेल? फलाटावर. आणि त्याचा साहेब साडेनऊला हजेरी बघणार तो बघणारच.

माझी मुलगी आपल्याच शेजारी, बीकेसीत कामाला जाते. तिची सकाळ मी तिच्याकडून ऐकतो. फलाटावर बायका कुठेही उभ्या राहत नाहीत. डब्याचं दार कुठल्या खांबासमोर येतं ते ठरलेलं असतं आणि तिथे आधीच रांग नसलेली रांग असते. पाठीवरची सॅक छातीवर घ्यायची, ओढणी आत खोचायची, गाडी थांबायच्या आत चढायचं. आत शिरल्यावर पहिला प्रश्न बसलेलीला: "कुठे?" ती "ठाणा" म्हणाली की तिची जागा हिची. पण तिच्यासमोर उभ्या असलेल्या दुसरीने आधीच विचारलं असेल तर जागा तिची, आणि मग तिलाच पुन्हा "तुम्ही कुठे?" असं हे बुकिंग सुरू होतं. ना तिकीट, ना पावती, पण सहसा कुणी शब्द मोडत नाही. कुर्ल्याला उतरलं की पुन्हा शेअर रिक्षाची रांग. दिव्याच्या बायकांचं याहून वाईट. त्या आधी डाऊन गाडीने डोंबिवलीला किंवा कल्याणला उलट येतात आणि तीच गाडी परत निघते तेव्हा बसून जातात. रोज उलटा प्रवास करूनच सुलटा प्रवास जमतो, अशी ही व्यवस्था.

यावर लोक म्हणतात, इतकं आहे तर मुंबईत घर घ्यायचं. त्याला उत्तर देण्यात शाई घालवत नाही. आमच्याकडची घरं स्वस्त म्हणून घेतली आणि त्यातही काय पदरात पडलं ते आपण जाणताच: पालिकेच्या बनावट परवानग्यांवर रेराचा नोंदणी क्रमांक मिळवलेल्या डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडायचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. ज्यांनी सरकारी संकेतस्थळावर क्रमांक बघून, बँकेचं कर्ज काढून घर घेतलं, ते आज हप्ताही भरतात आणि नोटीसही वाचतात. असा माणूस लांबची नोकरी सोडून जवळची कमी पगाराची घेईल का? तो दारात लटकेल.

खरं सांगायचं तर काम इकडे नव्हतंच असं नाही. ज्या कल्याण-शीळ रस्त्यालगत आज टॉवरांच्या जाहिराती आहेत, तिथेच प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथून प्यूजो ३०९ गाडी बाहेर पडायची. आंबिवली-मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला आणि कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षं भांडत राहिले. ठाण्याची वागळे इस्टेट साठच्या दशकातली; तिथल्या कितीतरी शेड गेल्या. आमच्या एमआयडीसीत २०१६ च्या मेमध्ये प्रोबेस कंपनीत आणि २०२४ च्या मेमध्ये अमुदान कंपनीत स्फोट झाला. धोकादायक कंपन्या हलवायला हव्यात याबद्दल माझं दुमत नाही. पण त्यांच्या जागी काय येणार, हे कुणी सांगत नाही, आणि आजवरच्या अनुभवाने उत्तर मला ठाऊक आहे: सदनिका. कारखाना गेला की तिथे घरं येतात, घरांत माणसं येतात, आणि ती माणसं कामासाठी मुंबईची गाडी पकडतात. गर्दी आपोआप वाढत नाही, ती अशी रीतसर मंजुरी घेऊन वाढते.

माझा भाचा सिडनीला असतो. त्याच्याशी फोनवर वाद होतात, कारण त्याला तिथलं सगळं वाईट वाटतं आणि मला इथलं. तो सांगतो, घरभाडं गळ्याशी आलंय, घर विकत घेणं या जन्मी जमणार नाही, सरकार पाच वर्षांत बारा लाख घरांचं लक्ष्य सांगतं आणि कुणाचा विश्वास बसत नाही.   पण त्याच्याकडून एक गोष्ट कळली आणि मी ती धरून बसलो. २०१८ मध्ये सिडनीच्या नियोजनकारांनी ठरवलं की शहराचं केंद्र एकच असून चालणार नाही, तीन हवीत, आणि माणसाला अर्ध्या तासात कामाच्या ठिकाणी पोचता यायला हवं. मधलं केंद्र पॅरामाटा. ती योजना आखणारा आयोग पुढे गुंडाळला गेला, अर्ध्या तासाचं स्वप्न भाच्याच्या बाबतीत तरी खरं झालेलं नाही. तरी एक काम तिथे झालं: सरकारने स्वतःच्या कचेऱ्या आधी हलवल्या. राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय पॅरामाटात आहे, सिडनीचं पाणीखातं तिथे आहे, आणि नियोजन खातंसुद्धा तिथे गेलं. पॅरामाटा जुन्या सिडनीपासून डोंबिवलीइतकं लांब नाही, ठाण्याहूनही जवळच म्हणा. पण दुसऱ्या केंद्राची योजना आखणारे लोक दुसऱ्या केंद्रात जाऊन बसले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपण म्हणाल, परदेशाचं राहू द्या. तर घरचंच उदाहरण घेतो. घाऊक कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये मुंबईतून वाशीला गेला. व्यापारी काय खुशीने गेले होते? कोकण विभागाची कचेरी बेलापूरच्या कोकण भवनात आहे आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा माणूस तिथे येतो. ऑपेरा हाउसचा हिरे बाजार २०१० मध्ये आपल्या बीकेसीत आला. मुळात बीकेसीसाठी आपल्या प्राधिकरणाला १९७७ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं तेच फोर्ट-नरिमन पॉइंटवरचा भार कमी व्हावा म्हणून. तो झालाही. फरक इतकाच की आमची गाडी आता मशीद बंदरऐवजी कुर्ल्याला रिकामी होते.

उलट बाजूही मला दिसते. नुसती इमारत बांधली की माणसं येतात असं नाही. सुरतचा नवा हिरे बाजार डिसेंबर २०२३ मध्ये थाटात सुरू झाला आणि व्यापारी मुंबई सोडेनात. ये-जा सोपी नसेल, बँक, उपाहारगृह, पाळणाघर जवळ नसेल तर कुठली कंपनी कोळेगावात येईल? पण इथे आपल्या हातात एक दुर्मीळ योग आहे. कल्याण-तळोजा मेट्रो १२ चं भूमिपूजन मार्च २०२४ मध्ये झालं. तिची काही स्थानकं हेदुटणे, कोळेगाव, निळजे गाव अशी आहेत, म्हणजे ग्रोथ सेंटरचीच गावं. कचेऱ्यांआधी रूळ येतोय. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ ची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणात झाली तेव्हापासून आम्ही खांब मोजतो आहोत, त्यामुळे मेट्रो १२ उद्या धावेल अशा भ्रमात मी नाही. पण ती येईपर्यंत स्थानकांभोवतीच्या जमिनीवर काय करायचं ते ठरलेलं हवं. आज ते ठरवलं नाही तर बिल्डर ठरवेल, आणि ती मेट्रो सकाळी रिकामी येऊन भरलेली जाईल, संध्याकाळी भरलेली येऊन रिकामी जाईल. दोन्ही बाजूंनी माणसं नेणारी गाडी हवी असेल तर दोन्ही टोकांना कचेऱ्या लागतात. रेल्वे हे करू शकत नाही. तिचं काम माणसं वाहण्याचं. पालिका करू शकत नाही. नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होता, आणि जानेवारी २०२६ च्या प्रचारात खड्डे, पाणी आणि युती यांपलीकडे नोकऱ्या कुठून आणणार हे मी तरी कुणाकडून ऐकलं नाही. कार्यालयांच्या वेळा बदला म्हणून मध्य रेल्वेने शेकडो आस्थापनांना पत्रं पाठवून पाहिली. वेळ बदलून गर्दी अर्धा तास पुढे-मागे सरकेल, ४८ किलोमीटर तेवढेच राहतील. जमीन, मेट्रो आणि नियोजन ही तिन्ही खाती एका छताखाली असलेली संस्था आमच्या भागापुरती एकच आहे, ती आपली.

तेव्हा माझी मागणी लेखी देतो. ग्रोथ सेंटरच्या दहा गावांत किती जमीन कार्यालयांसाठी राखली, किती घरांसाठी सुटली आणि ज्यांच्या जमिनी गेल्या किंवा जाणार त्या गावकऱ्यांना काय मिळणार, हे मराठीत, एका पानावर जाहीर करा. मेट्रो १२ च्या ग्रोथ सेंटरमधल्या स्थानकांभोवती कार्यालयांसाठी राखलेल्या भूखंडाचा वापर पुढे बदलता येणार नाही अशी अट घाला. आणि कंपन्यांना या म्हणण्याआधी आपल्या मुख्यालयाचा एक पूर्ण विभाग, नियोजनाचाच, कोळेगावात आणा. त्यातल्या कित्येक कर्मचाऱ्यांची घरं इकडेच असतील. ते आपले आभार मानतील.

आपला,
डोंबिवली पूर्वेचा एक निवृत्त नोकरदार