नखभर चमक

एप्रिल 2025 मध्ये माझी आतेबहीण अमेरिकेहून सुट्टीवर आली आणि तिने माझ्या हातात पुठ्ठ्याची एक छोटी पेटी ठेवली. आत नेलपॉलिशच्या सहा बाटल्या. एक पिकल्या हापूससारखी केशरी, एक मोरपंखी, एक कलिंगडाच्या गरासारखी लाल, एक लिंबाची पिवळी, एक झगझगीत राणी रंगाची आणि एक फिकट जांभळी. बाटली हलवली की आत जत्रा भरल्यासारखी चमक फिरायची. "मला काय उपयोग याचा?" मी म्हटले. ती म्हणाली, "आधी लावून तर बघ. मग चळवळीला विचार."

या मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या नव्हेत, असे तिने सांगितले. तिकडे अशा छोट्या, स्वतंत्र उत्पादकांना 'इंडी' म्हणतात. पुष्कळदा एखादी बाई घरातल्याच खोलीत हे काम सुरू करते. तयार पारदर्शक द्रावण विकत आणायचे, त्यात रंग आणि चमक आपल्या अंदाजाने मिसळायची, थोड्याच बाटल्या भरायच्या, त्यांना गमतीदार नावे द्यायची आणि टपालाने पाठवायच्या. आपल्याकडे एखादी मसाले कांडून पाकिटे भरते तसेच. उन्हाळा आला की उन्हाळ्याचे रंग काढायचे. हे ऐकून मला जरा बरे वाटले. तरी पेटी कपाटात अहवालांच्या मागे गेली.

माझ्या संकोचाला कारण होते. एम.एस.डब्ल्यू. करताना क्षेत्रकार्यासाठी वस्तीत जायचे तर साधे राहावे, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले. सुती कुडता, खांद्याला शबनम, हात मोकळे. त्यामागचा हेतू चांगला होता. पण हळूहळू तो गणवेश झाला, आणि गणवेशाबरोबर एक छुपा अहंकारही आला: आम्ही नटत नाही, कारण आम्ही विचार करतो. म्हणजे ज्या नटतात त्या विचार करत नाहीत? हे वाक्य आमच्यापैकी कुणी उच्चारले नाही, पण मनात ते होते. माझ्या तर होतेच.

वस्तीतल्या केंद्रावर दर गुरुवारी घरकामगार बायकांची बैठक असते. मे महिन्यातल्या एका गुरुवारी कल्याण मंडळाच्या नोंदणीचे अर्ज भरायचे होते, वीज गेली होती आणि सगळ्या घामाने निथळत होत्या. त्या दिवशी मी ती पेटी घेऊन गेले. का नेली, नीट सांगता येणार नाही. कदाचित घरी एकटीने लावायची लाज वाटली म्हणून.

अर्ज बाजूला राहिले. आतेबहिणीने मला जे शिकवले होते ते मी सांगू लागले. आधी पारदर्शक थर, नाहीतर गडद रंगाचा डाग नखावर राहतो. मग रंगाचे दोन पातळ थर. जाड लावला की वाळत नाही आणि सुरकुत्या पडतात. चमकीची बाटली जोरजोरात हलवायची नाही, बुडबुडे येतात. दोन तळव्यांत धरून लाटण्यासारखी फिरवायची, म्हणजे आतले पोलादी मणी तळाची चमक वर आणतात. चमकी ब्रशने ओढायची नाही, टिपत टिपत बसवायची. राणी रंगाखाली पांढरा थर दिला तर तो नुसता पेटतो. फिकट जांभळी बाटली तर जादूची निघाली. तिचा रंग हाताच्या उष्णतेवर बदलतो. एकीने माठात तांब्या बुडवला आणि बाहेर आलेली बोटे गडद वांगी रंगाची! मग माठाभोवती रांग लागली. भांडी घासताना पाण्यात रंग बदलत राहणार म्हणून एक म्हणाली, "चला, कामावर तेवढीच करमणूक."

आमच्या गटातल्या सर्वांत थोरल्या मावशी मात्र भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरा जाऊन चौदा वर्षे झाली. तेव्हा बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले, आणि तेव्हापासून त्यांच्या अंगावर फिकट साडीच. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "मला नको गं. लोक काय म्हणतील?" शेजारची म्हणाली, "मावशी, नखाच्या रंगाला कुठे सवाष्ण लागते?"

खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. मग मावशींनी हात पुढे केला. सगळ्यांत भडक, ती केशरी बाटली मागितली आणि दहाही बोटे रंगवून घेतली.

त्या रात्री मी शेजारणीच्या त्या प्रश्नावर विचार करत राहिले. आपल्याकडे बाईच्या अंगावरचा बहुतेक रंग कुणाच्या तरी नावाचा असतो. कुंकू नवऱ्याचे, हिरवा चुडा नवऱ्याचा, जोडवी नवऱ्याची, लग्नातली मेंदी, डोहाळजेवणाची हिरवी साडी. जो रंग दुसऱ्याच्या नावाने मिळतो तो त्याच्या नावाने काढूनही घेतला जातो. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. मोठीच गोष्ट होती ती. पण त्या ठरावात जे वाचवायचे होते तेही सौभाग्याचेच लेणे होते. नेलपॉलिश कोणत्या व्रतात नाही, कोणत्या विधीत नाही, तिची वाण म्हणून देवघेव नाही. ती नवऱ्याबरोबर येत नाही, म्हणून त्याच्याबरोबर जायचे तिला कारण नाही. ती फक्त त्या बोटांची. मावशींना हे कुणी समजावून सांगावे लागले नाही.

पण एवढ्यावर गोष्ट संपली असती तर हा लेख लिहिला नसता.

पुढच्या गुरुवारी आमच्यातली सर्वांत लहान, बाविशीतली मुलगी आली ती हात ओढणीत लपवून. तिने मोरपंखी रंग लावला होता. कामाच्या घरी बाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "नखं रंगवून भांडी घासायला येतेस? एवढा वेळ आहे तर मग पगारवाढ कशाला मागतेस?" मुलीने त्याच रात्री ब्लेडने रंग खरवडून काढला. चमकीची पॉलिश अशी निघत नाही. ती काढायची तर रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून पाच-दहा मिनिटे बांधून ठेवावा लागतो. खरवडली की चमकीबरोबर नखाचे पापुद्रे जातात. तिची नखे पांढरी, चिरलेली झाली होती आणि साबणाचे पाणी झोंबत होते. तिने मला विचारले, "ताई, तुमच्या नखांना कुणी काही बोललं का?"

बोलले होते. आमच्याच कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकारी ताईंनी माझ्या कलिंगडी बोटांकडे पाहून हसत म्हटले होते, "काय गं, आता पार्लर उघडणार का?" त्या ताईंबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामुळे कितीतरी बायका पोलीस ठाण्याची पायरी चढल्या. पण त्या मालकीणबाईंचे वाक्य आणि या ताईंचे वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीच्या मते कष्टकरी बाईला रंगाचा अधिकार नाही, दुसरीच्या मते विचारी बाईला त्याची गरज नाही. हात कसे दिसावेत हे हात ज्याचे त्याने ठरवायचे नाही, यावर मात्र दोघींचे एकमत!

ताईंचे म्हणणे कुठून येते हे मला कळते. 1991 नंतर बाजार आपल्या दारात आला. 1996 साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा भरली तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने रस्त्यावर उतरून विरोध केला. बाईच्या देहाचा माल करणाऱ्या बाजाराला तो विरोध होता आणि तो योग्यच होता. पण त्याच स्पर्धेला संस्कृतीच्या नावाखाली विरोध करणारेही तेव्हा रस्त्यावर होते. त्यांना बाजाराचे काही नव्हते, त्यांना बाई झाकायची होती. ही दोन भांडणे वेगळी आहेत. बाजाराशी भांडता भांडता आपण नकळत दुसऱ्या भांडणात जाऊन उभ्या राहतो का, हे तपासायला हवे. आपला प्रश्न रंग लावणाऱ्या बोटाला नाही. रंग विकणाऱ्या हाताला आहे.

आणि तो प्रश्न विचारायचा म्हणून मी बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचली.

पाच बाटल्यांवर अभिमानाने लिहिले होते की यात अमुक दहा घातक रसायने नाहीत. टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड, डायब्युटिल थॅलेट ही त्यांतली मुख्य. लावणाऱ्या बाईच्या प्रकृतीची काळजी घेतली होती, चांगलेच आहे. त्याखाली घटकांच्या यादीत चार बाटल्यांवर एक शब्द होता: मायका, रंगक्रमांक 77019. म्हणजे अभ्रक.

अभ्रकाचा पापुद्रा अतिशय पातळ निघतो. त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवला की मोत्यासारखी झळाळी येते, आणि तो थर किती जाड आहे त्यावर ती झळाळी सोनेरी दिसेल की निळी हे ठरते. लिपस्टिकमध्ये, पावडरमध्ये, मोटारीच्या रंगातही अभ्रक असतो. जगातल्या अभ्रकाचा मोठा वाटा भारतातून जातो, आणि त्यातला बराचसा झारखंडमधल्या कोडरमा व गिरिडीह आणि बिहारमधल्या नवादा या पट्ट्यातून. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या परवानाधारक खाणी हळूहळू बंद पडल्या. खाणी बंद झाल्या तरी अभ्रक निघायचा थांबला नाही. जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून आणि उंदराच्या बिळासारख्या खोदलेल्या भोकांतून बायका आणि मुले अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्याला तिकडे 'ढिबरा' म्हणतात. किलोमागे हातात पडतात ते काही रुपये. काम कागदोपत्री नाहीच, म्हणून किमान वेतन नाही, आणि दरड कोसळून कुणी गेले तर अपघातही कागदावर येत नाही. 2016 मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या शोधपत्रकारांनी तिथे जाऊन तपास केला तेव्हा दोन महिन्यांत किमान सात मुले अशा खाणींत मेल्याचे आणि ते मृत्यू दडपले गेल्याचे उघड झाले.

माझ्या नखावरचा अभ्रक त्याच ढिगाऱ्यातला होता की नाही, हे बाटलीवर लिहिलेले नाही. यातली मेख तीच आहे. तुकडा वेचणारीपासून दलाल, दुकानदार, निर्यातदार, परदेशातला रंगद्रव्य कारखाना, घाऊक व्यापारी आणि मग ती घरच्या खोलीत बाटल्या भरणारी बाई, इतके हात बदलतात की पहिला हात पुसूनच जातो.

मी हे सगळे बैठकीत सांगितले. वाटले होते, सगळ्या म्हणतील, नको ती चमक. ती बाविशीतली मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण घेतलं नाही तर त्या बायका काय खातील?" घरकामगारच हा प्रश्न विचारू जाणे. 'बालमजूर ठेवतात म्हणून अमुक वस्तू घेऊ नका' हे सांगणे सोपे असते. ज्या बाईचे तेवढे एकच काम आहे तिचे तेही जाते, आणि आपल्या मनाला समाधान मिळते.

आता कारखान्यात भट्टीत बनवलेला कृत्रिम अभ्रकही मिळतो. माझ्या दोन बाटल्यांत तोच होता. त्याला मुलांचा हात लागत नाही, हे खरे. पण सगळ्यांनी तो वापरला म्हणून कोडरम्यातली मुलगी शाळेत जाईल असे नाही; ती दुसऱ्या कुठल्या ढिगाऱ्यावर जाईल. 2017 मध्ये पॅरिसमध्ये कंपन्या आणि संस्था यांनी मिळून जबाबदार अभ्रकासाठी एक उपक्रम सुरू केला आहे. कंपन्यांनी स्वतःच स्वतःवर देखरेख ठेवायची यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, पण कुणीतरी नाव घेऊन विचारले म्हणून तोही निघाला. मला वाटते, मागणी दुसरी हवी: वेचणाऱ्यांचे काम कायदेशीर करा, त्यांच्या सहकारी संस्थांना परवाने द्या, भाव बांधून द्या, शाळा चालू ठेवा. आणि बाटलीवर दहा नसलेल्या रसायनांबरोबर एक असलेली गोष्टही लिहा: हा अभ्रक कुठला.

आम्ही त्या बाटल्या करणाऱ्या बायकांना पत्रे लिहिली, आतेबहिणीने इंग्रजी केले. एकीचे सविस्तर उत्तर आले की ती कृत्रिमच वापरते. दुसरीने प्रांजळपणे लिहिले की ती घाऊक व्यापाऱ्याकडून पुडी विकत घेते, त्याला आजवर असे विचारले नव्हते, आता विचारेल. बाकीच्यांकडून काही आले नाही. छोटी बाई निदान उत्तर तरी देते, एवढे मी शिकले.

या बाटलीची किंमत हजार रुपयांच्या घरात आहे हे कळल्यावर आमच्या बैठकीत शांतता पसरली होती. एका घरची भांडी महिनाभर घासून जवळपास तेवढेच मिळतात. मुलीने ते गणित त्या मालकीणबाईंना सांगितले की नाही, मी विचारले नाही. पगारवाढीसाठी मात्र ती आणि तिच्याबरोबर आणखी दोघी गेल्या. जाताना तिघींनी नखे रंगवली होती. वाढ तिच्या एकटीलाच मिळाली, शंभर रुपये.

मावशींचा केशरी रंग बरेच महिने टिकला. नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे रंग पुढे पुढे सरकत गेला आणि शेवटी टोकाशी नुसती एक रेघ उरली. मी म्हटले, "काढून टाकू का?" त्या म्हणाल्या, "राहू दे. आणि कोडरम्याचं काय झालं ते सांग."

तुमच्या गटात असे काही बोलणे झाले असेल, रंगाबद्दल किंवा ढिबऱ्याबद्दल, तर जरूर लिहा.