पगारपत्रकावरचे 200 रुपये

नोकरदार वाचकाने आपले पगारपत्रक एकदा काढून पाहावे. भविष्यनिर्वाह निधी आणि प्राप्तिकर यांच्या जोडीला एक लहानशी कपात असते : व्यवसाय कर, दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. एवढ्याशा रकमेची चौकशी कोणी करत नाही. महाराष्ट्राने 1975 मध्ये हा कर बसवला, तो खेड्यात काम मागणाऱ्या माणसाला काम देता यावे म्हणून. शहरातल्या दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या मालमत्ता कराच्या बिलावर रोजगार हमी उपकर छापलेला असतो, त्याचाही हेतू तोच. म्हणजे मुंबई-पुण्याचा पगारदार गेली पन्नास वर्षे जत, आटपाडी, आष्टी, भूमच्या मजुराच्या मजुरीत आपला वाटा घालत आला आहे, आणि बहुतेकांना त्याची कल्पनाही नाही. यंदाचा अंक आम्ही ‘काम’ या विषयाला दिला आहे. त्याच्या दारातच हे नाते सांगावेसे वाटले.

हे नाते जोडणारे गृहस्थ वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे अनेक वर्षे सभापती. 1965 मध्ये त्यांनी तासगाव तालुक्यात ग्रामीण मजुरांना हमखास काम देण्याचा प्रयोग करून पाहिला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या, आणि ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल ठेवले नव्हते असे शेतकरीही बायकामुलांसह खडी फोडायला बसले. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. ती पिढी अजून तेव्हा खायला मिळालेल्या सुकडीची आणि लाल मिलो ज्वारीची आठवण काढते. पाग्यांनी यातून पुढचा विचार केला. दुष्काळी काम सरकारला वाटले तर निघते. हमीचे काम माणसाने मागितले की काढावेच लागते. दोन्हीकडे हातात घमेले तेच, पण दुसऱ्या ठिकाणी मजूर हक्काने उभा असतो. विधिमंडळात सत्ताधारी आणि विरोधक यांनी एकमताने 1977 चा रोजगार हमी कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. देशात असा कायदा तोवर कुठेच नव्हता.

या योजनेची कुचेष्टा खूप झाली. बोगस मस्टर, कागदावरचे रस्ते, एकाच नाल्यावर दोनदा काढलेली बिले, हे सगळे घडले आणि त्याबद्दल बोललेच पाहिजे. पण त्याच योजनेतून झालेले पाझर तलाव, नालाबांध आणि गावरस्ते आजही वापरात आहेत. बाईला आणि गड्याला एकाच दराने मजुरी देणारे काम कितीतरी गावांनी पहिल्यांदा याच योजनेवर पाहिले. स्वतःच्या नावाने हजेरी लागणे आणि स्वतःच्या हाताने पगार घेणे याने घरातल्या बाईचा आवाज किती बदलतो, हे त्या कामांवर गेलेल्या कोणत्याही आजीला विचारावे. 1990 पासून फळबाग लागवडीला या योजनेची जोड मिळाली. कोकणातल्या वरकस जमिनीत आंबा-काजू उभा राहिला आणि सोलापूर-सांगलीच्या माळावर डाळिंब आले. दिवाळीच्या पूजेतल्या पाच फळांतले एखादे त्याच मस्टरवरून आलेले असू शकते.

केंद्राने 2005 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा नमुना समोर होता. वर्षाला कुटुंबामागे 100 दिवस, मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाही दिले तर बेकारी भत्ता. ऐकायला सोपे आहे. सगळी गोम मात्र एका कागदात आहे. नमुना 4 भरून काम मागायचे आणि नमुना 5 म्हणजे तारीख घातलेली पोच घ्यायची. पोच नाही तर 15 दिवस कधीपासून मोजणार? म्हणूनच ती सहजी मिळत नाही. ‘साइट सुरू झाली की कळवतो’ असे तोंडी सांगून मजुराला परत लावतात आणि त्याची मागणी नोंदलीच जात नाही. पुढे अहवालात लिहिले जाते की तालुक्यात कामाला मागणी नाही. आम्हाला हा या योजनेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, बोगस मस्टरपेक्षाही मोठा, कारण तो कोणत्याच हिशोबात दिसत नाही. त्यात जानेवारी 2023 पासून मोबाइलवर दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. डोंगरकपारीत रेंज नसली की घाम गाळूनही दिवस वाया जाण्याची धास्ती.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 चा हा कायदा बाजूला करून नवा आणला. दिवस 100 चे 125 झाले, ही चांगली गोष्ट. पण पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र देत असे. आता बहुतेक राज्यांना 40 टक्के भार उचलायचा आहे, कोणत्या राज्याला किती द्यायचे हे केंद्र आधी ठरवणार आणि त्यापुढचा खर्च राज्याच्या माथी. शिवाय पेरणी-काढणीच्या हंगामात 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवता येतील. मागणीप्रमाणे पैसा हा हमीचा कणा होता. आधी ठरलेल्या पैशाप्रमाणे मागणी मान्य करायची, असे झाले तर पाग्यांच्या आधीच्या काळात परत गेल्यासारखे होईल. महाराष्ट्राने 2006 पर्यंत ही हमी स्वतःच्या तिजोरीतून चालवली आहे. पैसे कमी पडतात म्हणून मजुराला परत पाठवायचे नाही, हे या राज्याने तरी ठामपणे सांगावे.

ज्यांना घमेले उचलता येत नाही त्यांचे काय? हमीच्या कामावर मजुरांना पाणी देणे, मुले सांभाळणे अशी कामे दिव्यांगांना देण्याची सोय आहे, पण ती फार थोड्यांच्या वाट्याला येते. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आणि सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या. बाकीच्यांना आधार उरतो तो 1980 मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. राज्याने ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचे अनुदान महिना 1,500 वरून 2,500 रुपये केले, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा मात्र 2012 पासून 300 रुपयांवर अडला आहे, आणि तोही 80 टक्के अपंगत्व असेल तरच.

रक्कम तोकडी, आणि तिच्यापर्यंतची वाटही तितकीच खडतर आहे. जिल्हा रुग्णालयातले प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र, तलाठ्याकडून उत्पन्नाचा पंचनामा, सेतू केंद्र, मग तहसील. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. ज्याला चालता येत नाही त्यालाच एवढे चालायला लावणारी ही रीत आहे. आणि याच संजय गांधी योजनेत विधवा किंवा निराधार बाईसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे 21,000 रुपयांवर थांबलेली. 2025-26 मध्ये हमीची मजुरी 312 रुपये होती. 100 दिवस राबले तर 31,200 होतात. म्हणजे एका योजनेने दिलेले पूर्ण काम केले की दुसऱ्या योजनेच्या नजरेत ती बाई गरीब राहत नाही. हे दोन आकडे एकाच मंत्रालयात ठरतात असे नाही, पण सोसणारी बाई एकच आहे.

आमचे मागणे एवढेच की 1977 मध्ये मजुराला दिलेले वचन दिव्यांगाला आणि निराधारालाही द्यावे. अर्ज आला, पोच दिली, ठरल्या दिवसांत निर्णय झाला नाही तर त्या दिवसापासून भत्ता सुरू. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घातली, पण मुदत उलटली म्हणून कोणाच्या खात्यात पैसे जमा होत नाहीत. ते व्हायला हवेत.

दिवाळी सरताना सुगीही संपते. बीड-अहिल्यानगरच्या गावांतून कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे याच दिवसांत रस्त्यावर दिसतात. त्यांतली काही तरी गावातच काम मिळाले असते तर मुलांची शाळा न मोडता राहिली असती. फराळाला गावी जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी ज्यांना अर्ज लिहिता येतो, त्यांनी या सुट्टीत शेजारच्या एका घराचा नमुना 4 भरून द्यावा, एखाद्या दिव्यांगाचे कागद एकत्र करून द्यावेत, सोबत ग्रामपंचायतीत जावे, आणि तारीख घातलेली पोच हातात पडेपर्यंत तिथून उठू नये.