टेबलावरचा बोरघाट
बोरघाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर. १८६३ साली रेल्वेची ही वाट खुली झाली, आणि इतक्या वर्षांनंतरही कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. हाच घाट टेबलावर उभारायला बसलं की त्या आकड्याचं वजन कळतं. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्यात, एका रुळावरून दुसरा न्यायचा तर साडेसात सेंटिमीटर उंची तरी हवी. बोरघाटाच्या चढाने ती गाठायला पावणेतीन मीटरहून थोडी अधिकच लांबी लागते. घाईने चढ तीव्र केला की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. चढाची सुरुवात आणि शेवटही अलगद वळवावा, नाहीतर तिथेच डबे सुटतात. माझा जीव मात्र बोगद्यात. तो वळणावर असेल तर सगळ्यात लांब डबा आधी हाताने आतून फिरवून पाहावा, कारण वळणावर डब्याचं पोट आतल्या भिंतीकडे जातं आणि टोकं बाहेरच्या. डोंगराचा माथा उचलता यायलाच हवा. रूळ पुसायला, घसरलेली गाडी काढायला हात आत गेला पाहिजे. मग थर्माकोलवर प्लास्टर. इथे कृपा करून आल्प्सचे सुळके नकोत! सह्याद्रीचा कातळ आडव्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा, पावसाने काळाभोर झालेला. बोगद्याच्या कमानीवर वाफेच्या इंजिनांची जुनी काजळी, आणि बाजूच्या कपारीतून उतरणारी एक बारीक पांढरी धार.