कोनासाठी पयते वो माय?

डिसेंबरातली पहाट. वाशीमहून मालेगावकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा. छपन्न वर्षांची एक बाई पंजाबी ड्रेसवर स्वेटर आणि पायांत बूट घालून धावते आहे. मागे स्कूटीवर मी, सोबत पाणी, गूळ-शेंगदाणे आणि बॅटरी. समोरून आलेला ट्रॅक्टर थांबतो. चालवणारे काका काळजीने विचारतात, "काय झालं वो माय? कोनाचं काही बरंवाईट झालं काय?"

काही झालं नाही, असं सांगितल्यावर दुसरा प्रश्न येतो, "मंग कोनासाठी पयते वो?"

काका वाईट नव्हते. अडचणीत सापडलेल्या बाईला मदत करावी, म्हणूनच ते थांबले होते. पण मैत्रिणींनो, त्यांच्या प्रश्नात आपली सगळी समाजव्यवस्था आहे. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या बाईच्या घरी संकट तरी असलं पाहिजे, नाहीतर ती दुसऱ्या कोणासाठी तरी धावत असली पाहिजे. तिसरं कारण असूच शकत नाही!

धावण्याची काही कारणं आपल्याकडे मान्य आहेत. गावोगावच्या मुली पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर सराव करतात. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर. नोकरी लागणार म्हणून घरचे स्वतः सोबत जातात. साखर वाढली की डॉक्टर चालायला सांगतात, तेही मान्य. आमच्या या ताईंना घराबाहेर काढलं ते अशाच एका डॉक्टरच्या चिठ्ठीने. चालता चालता त्या धावू लागल्या आणि धावता धावता ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी करू लागल्या. चिठ्ठीची हद्द तिथे संपली. मग सुरू झालं, "या वयात हे काय काढलं?"

लता करे यांचं उदाहरण आपण सगळ्याच कार्यक्रमांत देतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीकडे गेलेलं कुटुंब. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नाहीत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावली आणि पहिली आली. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्या हिमतीपुढे मी नतमस्तक आहे. पण आपण टाळ्या कशाला वाजवल्या? तिच्या पायांतल्या ताकदीला, की नवऱ्यासाठी धावणाऱ्या पतिव्रतेला? शेतमजुराच्या घरात उपचाराला पैसे का नाहीत, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडाला. आणि तीच बाई नुसती धावावंसं वाटलं म्हणून धावली असती, तर आपण तिच्यासाठी सतरंजी अंथरली असती का?

आता त्या पहाटेकडे परत येते. त्या दिवशी ताईंना ३० किलोमीटर धावायचं होतं, पंधरा जायचे आणि पंधरा यायचे. मोठ्या शर्यतीआधीची ही सर्वांत अवघड परीक्षा. एवढं अंतर धावताना शरीरातली साठवलेली साखर संपत येते, पाय जड होतात, मन म्हणतं बस झालं. हे सगळं आम्ही वाचलं होतं. डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली होती, रक्तही तपासलं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तिथे नुसत्या जिद्दीच्या गोष्टी सांगून चालणार नाही.

बाविसाव्या किलोमीटरला ताई डगमगल्या. ओठ कोरडे, डोकं दुखतंय. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर बाटली तशीच भरलेली! विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काल संध्याकाळपासून पाणी कमीच केलं. रस्त्यानं जावं कुठं, पोरी?"

मला स्वतःचीच लाज वाटली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी. बूट पाहिले, बॅटरी पाहिली, गूळ-शेंगदाणे बांधले. पण ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. पुरुष कुठल्याही झाडाआड उभा राहतो. बाई आदल्या संध्याकाळपासून तहान मारते आणि मग आपण म्हणतो, वयामुळे दमली!

मी म्हटलं, "ताई, गाडीवर बसा." त्या रस्त्याच्या कडेला बसल्या. साखर-मिठाचं पाणी घोट घोट प्यायल्या, थोडे शेंगदाणे खाल्ले. छातीत दुखतंय का, चक्कर येते का, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यातलं काही असतं तर धावणं तिथेच थांबलं असतं, हे आमचं आधीच ठरलेलं होतं. थोड्या वेळाने त्या उठल्या. "आता फक्त थकवा हाय. थकवा अन् दुखनं मले वेगळं कळते आता." दहा मिनिटं चालल्या, मग सावकाश धावू लागल्या. तुरीच्या शेताआड मी ओढणी धरून उभी राहिले, तेव्हा कुठे त्यांनी पोटभर पाणी प्यायलं. शेवटचे सहा किलोमीटर त्या एकदाही थांबल्या नाहीत.

थकवा आणि दुखणं वेगळं कळणं, हे मला फार मोलाचं वाटतं. बाईला सोसायला शिकवलेलंच असतं. बाळंतपण, कंबरदुखी, अंगावरून जाणं, मार, सगळं सोसून ती चुलीपुढे उभी राहते आणि आपण तिला सहनशील म्हणतो. ते सोसणं तिच्यावर लादलेलं असतं. रस्त्यावर ताईंनी पुढे जायचं ठरवलं ते स्वतःच्या शरीराला विचारून. आणि शरीर नको म्हणालं असतं, तर त्या थांबल्याही असत्या.

पावणेपाच तास लागले. २८५ मिनिटं. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २८९ मिनिटं त्या बिनमोल कामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे ताईंनी ३० किलोमीटरला जेवढा वेळ घेतला, तेवढा वेळ या देशातली बाई रोज घरात धावते. तिला कोणी विचारत नाही, "कोनासाठी पयते वो?"

मग ताई धावत होत्या तेव्हा त्यांच्या घरी ही मिनिटं कोणी भरली? पहिले काही रविवार सुनेने भरली. सासू रस्त्यावर मोकळी झाली आणि सून ओट्यापाशी अडकली. हे ताईंच्याच ध्यानात आलं. त्यांनी घरात सांगितलं, रविवारचा स्वयंपाक मुलगा आणि त्याचे बाबा करतील, नाहीतर मी धावणार नाही आणि स्वयंपाकही करणार नाही. दोन रविवार घर धुमसलं. तिसऱ्या रविवारी खिचडी झाली, थोडी करपलेली. एका बाईची मोकळीक दुसऱ्या बाईच्या पाठीवर उभी राहत असेल, तर तिला मुक्ती म्हणू नये.

आपल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, "दिवसभर सोयाबीन सोंगणाऱ्या बाईला धावण्याचं काय कौतुक? ही शहरातली चैन." मी त्यांना विचारते, त्या बाईची ताकद मालकासाठी, नवऱ्यासाठी, पोरांसाठी खर्च होते ती चालते, स्वतःसाठी खर्च झाली की लगेच चैन कशी होते? १९२८ च्या ऑलिंपिकनंतर बायकांना झेपत नाही म्हणून त्यांची ८०० मीटरची शर्यत बंद केली, ती १९६० मध्ये परत आली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन व्हायला १९८४ साल उजाडावं लागलं. बाईला काय झेपतं हे दर वेळी दुसऱ्याच कोणी ठरवलं. आता ते आपण ठरवायचं का?

८ मार्चला पुढाऱ्याने हिरवा झेंडा दाखवायचा, बायकांनी एकसारख्या साड्या नेसून थोडं चालायचं आणि फोटो काढून घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं, हे आता पुरे. तालुक्याचं मैदान पहाटे बायकांसाठी उघडं हवं, रस्त्यावर दिवे हवेत, आणि दर काही किलोमीटरवर पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. शर्यतींत पंचेचाळिशीपुढच्या बायकांना पूर्ण अंतराचा गट हवा. या मागण्या ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत लेखी द्या. आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगा, रविवारी तुमच्या घरी चहा कोण करतं?

त्या पहाटे ट्रॅक्टरवाल्या काकांना ताईंनी उत्तर दिलं होतं. धावता धावताच, मागे न पाहता.

"माह्यासाठी, भाऊ!"